पंपाचा चाप

बायकोच्या अबोल्याचा आज अकरावा दिवस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्याच घरातलं घड्याळ वर्षभर बंद आहे, हे तिने व्याह्यांना हसत हसत सांगितलं आणि मी त्यांच्यादेखतच तिच्यावर खेकसलो. तेव्हापासून आधी कोणी बोलायचं, यावर गाडं अडलं होतं.

अबोला असला तरी माझ्या सायकलच्या मागच्या चाकात रोज सकाळी हवा भरावीच लागायची. हातपंपाच्या नळीचा चाप कधीच तुटलेला. त्यामुळे मी पंप मारायचा आणि तिने उकिडवं बसून नळीचं तोंड व्हॉल्व्हवर दाबून धरायचं. चाक टणक झालं की ती भिंतीकडे बघत म्हणायची, "बस." अख्ख्या दिवसात माझ्या वाट्याला तेवढाच शब्द.

काल जावई नवा पंप घेऊन आला. "बाबा, याचा चाप एकदम घट्ट बसतो. आता आईंना रोज खाली बसायला नको, तुम्ही एकटेच भरा हवा."

मी तोंडदेखलं "वा!" म्हटलं. ती म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

आज सकाळी ती चहा टाकायला आत गेली, तसा मी दुकानातली बारीक पक्कड घेऊन हळूच अंगणात आलो. म्हटलं, चाप जरा वाकवून सैल करून ठेवावा.



चाप आधीच वाकलेला होता, आणि पंपाशेजारी आमच्या स्वयंपाकघरातली सांडशी पडली होती.