बिनउंबऱ्याचं घर

“उंबरा परत ने,” राजाबाई म्हणाली.

येडू मिस्त्रीनं घडीव दगडाचा उंबरा नुकताच टेंपोतून उतरवून घेतला होता. कमरेवर हात ठेवून तो राजाबाईच्या मुलाकडं, बिरुदेवकडं बघू लागला.

“आई, बिनउंबऱ्याचं घर कुटं असतंय व्हय?” बिरुदेव म्हणाला. “पाणी आत येईल, इंचू-काटा येईल. पुढल्या वर्षी तुज्या नातवाचं लगीन. नवी सून माप कशावरनं ओलांडनार?”

“चालत ईल की सरळ. तिला दारात कशाला अडवायची?”

“लोक हसतील.”

“हसू दे. दात हायत त्यांना.”

“कारण तरी सांग.”

“माजं गुडघं.”

“परवा तर शेरडांमागं सगळा माळ पालथा घातलास!”

“परवा घातला. आज दुखत्यात.”

जागा राजाबाईच्या नावावर होती. तिनं उंबरा टेंपोत चढवायला लावला आणि टेंपो वळणाआड जाईपर्यंत जागची हलली नाही.

होटगीतलं हे घर आधी येडूच्या मनानं व्हायचं होतं. एका ओळीत तीन खोल्या, दारं मावळतीला, आणि मधे येतो म्हणून कडुलिंब तोडायचा. राजाबाईनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं सोलापूरला गेली. तिथं रस्त्यालगतच्या एका गाळ्यात शिवलीला नावाच्या आर्किटेक्टचं ऑफिस होतं.

शिवलीलानं पहिल्या खेपेला कागद काढलाच नाही. टेबलामागं बसून तिनं नुसतं विचारलं, “मावशी, दिवसभर कुठं बसता?”

“लिंबाखाली.”

“उन्हाळ्यात झोपता कुठं?”

“तितंच.”

“मग झाड राहू दे. घर त्याच्या कडेनं वळवू.”

तिसऱ्या खेपेला नकाशा तयार होता. मावळतीच्या बाजूला जाड भिंत, तिला लागून न्हाणी आणि धान्याची खोली. झोपायच्या खोल्या लिंबाच्या सावलीत. गरम हवा बाहेर पडावी म्हणून छताजवळ झरोके. राजाबाई बोटानं एकेका खोलीतून फिरली आणि दाराशी थांबली. तिथं पायऱ्यांऐवजी उतार काढलेला होता.

“हा मी प्रत्येक नकाशात काढते,” शिवलीला हसत म्हणाली. “आणि प्रत्येक जण तो खोडायला लावतो. आमच्यात कोण इतकं म्हातारं आहे, म्हणतात. खोडू?”

राजाबाईची नजर टेबलामागच्या तिच्या खुर्चीवरून फिरली.

“कोन म्हंतं खोड? आन् उंबरा बी काढ.”

“उंबरा? घरचे ऐकतील?”

“घर माजं हाय.”

“गुडघे फार दुखतात का, मावशी?”

“व्हय,” राजाबाई म्हणाली. “लई.”

शिवलीलानं उंबरा काढला. दाराबाहेर जाळी लावलेली एक अरुंद नाली दाखवली, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच उतरेल. दाराच्या तळाला रबराची पट्टी दिली. इंचवाचीही सोय झाली.

बांधकाम सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी तिची गाडी येई आणि रस्त्यावरच थांबे. काच खाली करून ती येडूला बोलवी, मांडीवर नकाशा पसरून चुका दाखवी. एक भिंत चार बोटं सरकली होती. ती तिनं गाडीत बसून ओळखली आणि पाडायला लावली.

“मॅडमचा पाय मातीला लागत न्हाय,” बिरुदेव रेल्वेतल्या आपल्या कामावरच्या सोबत्यांना सांगे. एकदा तो हे आईसमोर बोलला. राजाबाईनं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि चहा लिंबाच्या बुडाशी ओतला.

वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी राजाबाई मैंदर्गीला बहिणीकडं गेली. दोन दिवसांनी परत आली तर दारात उंबरा बसलेला, वर हळदकुंकू लावलेलं.

“आता पूजा झाली,” बिरुदेव म्हणाला. “पूजा झालेला उंबरा काढत न्हाईत.”

राजाबाईनं पिशवी खाली ठेवली. पदर खोचला आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली.

“आई, अगं गुडघं!”

“माजं गुडघं मी बघीन. तू बाजूला हो.”

पहिल्या घावाला सिमेंटची कपची उडाली. येडू पुढं झाला, तशी तिनं त्यालाही हातानं थांबवलं. गल्लीतली माणसं जमली. कुणी हसलं नाही. बऱ्याच वेळानं दगड हलला. राजाबाईनं त्याला हात जोडले आणि मुलाला म्हणाली, “आता धर. लिंबाखाली ठेव. बसायला हुईल.”

वास्तुशांतीला भटजींनी विचारलं, “उंबऱ्याची पूजा कुठं करायची?”

“भुईची करा,” राजाबाई म्हणाली. “समदं तिच्यावरच हाय.”

दुपारी पंगत बसायच्या वेळी शिवलीलाची गाडी आली आणि नेहमीसारखी रस्त्यावर थांबली. काच खाली झाली. राजाबाई लगबगीनं तिच्याजवळ गेली.

“छान दिसतंय, मावशी. मी इथूनच बघते. माझं ताट इथंच पाठवा.”

“तू केलेलं घर, आन् तूच भायेरनं बघतीस? उतर.”

“मॅडम कुटल्या उतरत्यात!” बिरुदेव दारातून पुटपुटला.

“मावशी, आग्रह नको,” शिवलीला हळूच म्हणाली. “लोक धावून येतात, धरतात. मला नाही आवडत ते.”

“कोन धरतंय? दार बघ की जरा.”

शिवलीलानं दाराकडं पाहिलं. उतारावरून भुई सरळ आत गेली होती, मधे उंबरा नव्हता. मग तिनं ड्रायव्हरला डिकी उघडायला सांगितलं.

त्यानं चाकांची खुर्ची काढून उलगडली, आणि आजवर चाळीसएक घरांचे नकाशे काढलेली ती बाई, कुणीही न उचलता, आपल्या हातांनी चाकं फिरवत, पहिल्यांदाच त्यातल्या एका घरात शिरली.