कापण्यासाठी लिहिलेली ओळ

"मग हे वाचणार कोण?" वृद्ध लियांगनी नाटकाची इंग्रजी संहिता पुढे धरली.

"कुणीच नाही," मँचेस्टरच्या त्या कम्युनिटी हॉलची व्यवस्था पाहणारे पद्माकर म्हणाले. "इथे नाटक मंजूर करून घ्यावं लागत नाही. फायर एक्झिट मोकळे ठेवा, म्हणजे झालं."

लियांगचा चेहरा उतरला. चिनी नववर्षाचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला होता. हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेवढी लियांगच्या सांगण्यावरून राखून ठेवलेली. 'साहेबांसाठी,' एवढेच ते म्हणाले होते.

शांघायच्या सरकारी नाटकमंडळीत ते तीस वर्षे विदूषक होते.

"पक्षाचे साहेब प्रत्येक शब्द वाचत. काही कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून मी दर नाटकात एक ओळ मुद्दाम कापण्यासाठीच लिहायचो. ती कापून साहेब खूश, बाकीचं नाटक सुखरूप! सवयीनं इथंही लिहिली. आता कापायला कुणी नाही, म्हणजे ती मलाच बोलावी लागणार."

"मग खोडून टाका की."

"मी?" लियांग दुखावले. "माझी ओळ मी जन्मात खोडली नाही. ते त्यांचं काम. तुम्ही खोडा."

पद्माकरांनी पेनचे टोपण काढलेसुद्धा.

"अहो, आधी वाचा तरी!" त्यांच्या पत्नी सुमेधा म्हणाल्या. "आणि न आलेल्या साहेबांना खुर्ची, मी मात्र दाराशी उभी. छान आहे हं तुमची मॅनेजमेंट!"

पद्माकरांनी ओळ वाचली. त्यांच्या मिशा थरथरल्या. पेन त्यांनी खिशात ठेवले.

पडदा उघडला. नरकाच्या कचेरीतला कारकून झालेले लियांग त्या ओळीपाशी आले आणि थबकले. नजर रिकाम्या खुर्चीवर खिळलेली.

"पृथ्वीवर ज्यानं लोकांचं हसू कापलं," लियांग हळूच म्हणाले, "त्याला इथं रोज एक विनोद सांगायचा. तो समजेपर्यंत जेवण नाही."

हॉल असा हसला, की पुढच्या वाक्याला बराच वेळ ताटकळावे लागले. लियांग कान देऊन ऐकत राहिले. मग नाटक तिथेच थांबवून ते रंगमंचाच्या कडेशी आले आणि दाराशी उभ्या असलेल्या सुमेधांना त्यांनी हात केला.

"बाई, या ना पुढे! बसा. साहेब आता येत नाहीत."