पलंगाखालच्या विटा

इंजिनिअरबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांच्या बोटांना पिवळा रंग लागला. रंग अजून ओला होता. त्यांनी शेजारची भिंत पाहिली, समोरची पाहिली. सगळी गल्ली कशी चकचकीत दिसत होती.

"तुम्ही येणार म्हणून सगळे राबलोय, मॅडम," गल्लीतला शिंपी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

बाईंनी बोटांचा रंग रुमालाला पुसला. शहराचा सखल भाग दर पावसाळ्यात पाण्यात जायचा, म्हणून यंदा नाले नव्याने आखायला इंजिनिअर नेमले होते. त्यांच्यातल्याच या एक. त्यांची कामाची रीत साधी होती. गल्लीत जायचं, पुराच्या पाण्याने भिंतींवर सोडलेली मळकट रेघ शोधायची आणि तिची उंची मोजायची. जिथे रेघ उंच, तिथे नाला आधी. या गल्लीने साहेबलोक येणार म्हणून नेमकी तीच रेघ खरवडून काढली होती आणि वर रंगाचे दोन हात दिले होते. घरी कुणी येणार म्हटलं की माणूस घर आवरतोच, त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

बाईंनी हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. तरी शिंप्याचा चेहरा पडलाच. रंगाची टूम त्याचीच होती. जे कुरकुरत होते त्यांच्या हातात ब्रशही त्यानेच दिले होते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे तो असा. पहिल्या टप्प्यात गल्लीचा नंबर लागला नाही, तर पुढचा टप्पा कधी निघेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि त्याच्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती. घरात पाणी शिरलं की त्याचा जीव आधी तिच्यासाठी खालीवर व्हायचा.

तोवर माणसं जमली. पाणी कुठवर आलं होतं, हे जो तो आपापल्या अंगावर हात लावून दाखवू लागला. बँकेतल्या उंच कारकुनाने मांडीवर हात ठेवला. त्याच्या बुटक्या बायकोने तेच पाणी कमरेच्याही वर नेलं आणि नवऱ्याला कधी कशाचं गांभीर्य नसतं, असंही सांगून टाकलं. बाई हसल्या. पण असे हात काही नकाशावर मांडता येत नाहीत. खूण दिसल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग शिंप्याने निदान चहा तरी घ्या म्हणून त्यांना घरात नेलं.

खोली छोटीच होती. खिडकीशी मशीन, मशीनवर शिंप्याची बायको, खुर्चीवर बेतलेल्या कापडांचा ढीग. भिंतीलगत पलंग आणि पलंगाच्या कडेवर आई. बारीक चणीची, हसऱ्या तोंडाची. मशीनच्या तालावर ती पाय हलवत होती. मागे एकदा पलंगावरून उतरताना पडली, तेव्हापासून तिचं हे असं, शिंप्याने सांगितलं. तो आणि त्याची बायको तिला उचलून न्हाणीघरात न्यायची आणि उचलून परत पलंगावर बसवायची. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नव्हती. मुलगा असावा तर असा, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि ते खरंच होतं.

खुर्ची रिकामी नव्हती. बाई जरा उडी मारल्यासारखं करून आईच्या शेजारी पलंगावर बसल्या. चहाचा एक घोट घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपलेही पाय लोंबकळतायत. त्यांनी कप खाली ठेवला, वाकून पाहिलं, आणि मग सरळ जमिनीवर गुडघेच टेकले.

पलंगाच्या चारही पायांखाली विटांची थप्पी होती. वरची वीट लाल, कोरडी. तिच्याखालच्या सगळ्या गाळाने काळवंडलेल्या. रंगाचा ब्रश तिथवर पोचला नव्हता. पलंगाखाली कोण रंगवायला जातंय!

"या विटा कशासाठी?"

"पाण्याच्या वर राहायला. दरसाल पाणी वाढतं, तशी एखादी वीट वाढवतो," शिंपी म्हणाला. "सगळ्यांकडेच आहेत की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. बाईंनी टेप काढली. मग गल्लीभर एकच लगबग उडाली. लोक चादरी वर करून आपापले पलंग दाखवू लागले. गल्लीच्या तोंडाशी विटा कमी होत्या, आत जावं तशा त्या वाढत गेल्या होत्या. पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, सगळं त्या थप्प्यांवरून कळत होतं.

ऊन उतरल्यावर बाई परत शिंप्याच्या दारात आल्या. गल्ली पहिल्या टप्प्यात घेतेय, म्हणाल्या. शिंप्याचे डोळे भरून आले. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. तो आईजवळ गेला आणि आता घरात पाणी यायचं नाही, तू निर्धास्त राहा, असं त्याने तिला सांगितलं.

आईचे हलणारे पाय थांबले.

"मग या विटा काढशील?" तिने विचारलं.

"काढीन की. पण तुला काय त्याचं, आई? तुला कुठे चालवतंय आता?"

"चालवतं रे," आई म्हणाली. "उतरवत नाही."