शेवटचा नंबर

"महिनाभरात सुधारणा दिसली नाही, तर सगळी झाडं उपटून फरशी घालू." एवढं बोलून साहेब रुग्णालयात शिरले.

माळीमामा कात्री हातात धरून उभेच राहिले. बारा गुलाब त्यांनी स्वतः लावले होते, तळहाताच्या फोडासारखे जपले होते. त्यातले पाच आता शेंड्याकडून काळे पडत खाली वाळत चालले होते. औषध फवारून झालं, खत बदलून झालं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मामा फाटकाजवळच्या पहिल्या गुलाबापाशी बसले. दुखणं तिथूनच सुरू झालं होतं. त्याची काळी फांदी छाटून ते दुसऱ्याकडे सरकले.

बाकावर डबा खात बसलेल्या सिस्टर बघत होत्या. "मामा, आधी त्याच्याकडेच का?"

"सगळ्यांत आजारी तोच ना! आजाऱ्याला काय ताटकळत ठेवायचं?"

"दर वेळी?"

"दर वेळी. आधी तो, मग ओळीने सगळे."

सिस्टरनी ओळीवरून नजर फिरवली. पहिले पाच वाळलेले, पुढचे सात टवटवीत.

"आमच्याकडे ज्याचा आजार पसरतो, त्याच्याकडे आम्ही सगळ्यांत शेवटी जातो. आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या खाटेला शिवत नाही. तुमची कात्री कधी पुसता?"

कात्रीला मामा दर आठवड्याला धार लावत. पुसायचं मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे दुखणं मीच घरोघर वाटत फिरलो म्हणा की."

"मायेनं वाटलंत हो," म्हणत सिस्टर आत गेल्या आणि कापूस नि स्पिरिटची बाटली घेऊन आल्या.

महिन्याने साहेब आले. सहावा गुलाब हिरवागार होता. दुसऱ्याला चार लालसर कोंब फुटले होते.

"कोणतं औषध मारलंत?"

"औषध नाही साहेब. रांग बदलली."

साहेबांना काही कळलं नाही, पण फरशीचं नावही त्यांनी काढलं नाही.

मामा खूश होऊन पलीकडच्या टोकाकडे गेले. एकेक झाड छाटत, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसत, उन्हं कलता कलता फाटकाजवळच्या गुलाबाशी पोचले.

"आजही तुझा नंबर शेवटचा. रागावू नकोस बाबा."

पुढे कुणी वाट बघत नव्हतं. मामांनी कात्री बाजूला ठेवली आणि मांडी घालून त्याच्यापाशी निवांत बसले.