पाठीमागचा कॅमेरा

निवृत्त फौजदारांनी आपली जुनी चकमक एका बंदुकीच्या गेमसाठी इत्थंभूत सांगितली होती, ती जिथे झाली त्या गोदामाचा नकाशाही स्वतः काढून दिला होता. गेम तयार झाल्यावर तो बनवणाऱ्या मुलीने त्यांच्याच हातात कंट्रोलर दिला. पडद्यावर त्यांच्या डोळ्यांना तेव्हा दिसलं तेवढंच होतं: अश्रुधूर, पुढे रोखलेलं पिस्तूल आणि ओरडत अंगावर धावून येणारा गुंड. साहेबांनी धाडधाड तीन गोळ्या घातल्या. गुंडाचा गळा फाटला, रक्ताची चिळकांडी उडाली आणि तो त्यांच्या पायाशी तडफडून थंड झाला.

"अस्संच झालं होतं!" साहेब खूश झाले. "त्याने मला जिवंत सोडलं नसतं. पदक मिळालं त्याचं."

"आता हेच मागून बघा." तिने बटण दाबलं. कॅमेरा साहेबांच्या पाठीमागे, थेट गोदामाबाहेर गेला. दाराच्या चौकटीत साहेब पाय रोवून उभे होते.

"साहेब," ती चाचरत म्हणाली, "तुमच्या नकाशात दुसरं दारच नाही. तो धुरातून बाहेर पळत होता. वाटेत तुम्ही होता."

साहेबांनी पडद्यावरच्या स्वतःच्या पाठीकडे पाहिलं.


मग म्हणाले, "कॅमेरा परत माझ्या डोळ्यांपाशी आण."