मशीन उघडं असताना

"दोन्ही बाजूंनी धर," बाबा म्हणाले, आणि जेवणाच्या डब्याएवढ्या त्या कॉम्प्युटरचा तळ त्यांनी अलगद सोडवला.

लेकीचं लक्ष बाबांच्या छातीकडे होतं. हार्ट अटॅकला जेमतेम दोन महिने झाले होते. जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या खिशात होती.

"बाबा, दुकानदार बसवून देईल हो."

"जन्मभर घड्याळं उघडली मी. आता हा डबा दुसऱ्याकडून उघडून घेऊ? जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलंय. फक्त बसवायचंय."

घरातला नियम घड्याळांच्या काळापासूनचा होता. मशीन उघडं असताना टेबलापाशी नसलेल्याने बोलायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. हात हलला की स्क्रू गेलाच.

आई दारात आली. एक हात चौकटीला. "अगं, जरा..."

बाबांनी मान न वळवता बोट वर केलं.

"थांब ना आई, उघडंय," लेक पुटपुटली.

आई थांबली. गॅसपाशी उभी होती म्हणून असेल, मानेवरचा घाम पुसत राहिली.

नवी डिस्क खाचेत तिरकी सरकवताना बाबांचा हात हलला. स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. ते वाकू लागले.

"वाकू नका!" लेक ओरडलीच. "मी बघते."

ती फरशीवर ओणवी झाली. बाबांच्या सपाता. पलीकडे दारात आईची पावलं, या पायावरून त्या पायावर भार टाकणारी. स्क्रू खुर्चीच्या पायाशी होता.

"होऊ दे तुमचं," आई म्हणाली. "मी पडते जरा."

"आलोच! मग तुझंच राज्य," बाबा म्हणाले.

राहिली मेमरीची पट्टी. "दाब. खट् वाजलं पाहिजे."

वाजलं नाही. लेकीने पुन्हा दाबलं. बाबांचा श्वास थांबल्यासारखा वाटला. एका हाताने तिने गोळी बाहेर काढली.

खट्.

बाबांनी श्वास सोडला. "अगं, मीच धरून ठेवला होता! ठेव ती गोळी. एवढ्यात कुठे जात नाही मी."

ती हसली, पण गोळी मुठीतच राहिली.

शेवटचा स्क्रू बसला. बटण दाबताच पडदा उजळला. फोटो, गाणी, सगळं जागच्या जागी.

"ऐकलंस का?" बाबांनी आत हाक दिली. "पापणी लवायच्या आत सुरू झाला! ये बघायला!"

लेक आईला उठवायला गेली. खोलीत दिवा नव्हता. तिने आईचा हात उचलला, सोडला, तो तसाच खाली पडला. मागून बाबा आले आणि सवयीने उंबऱ्यावरच थांबले.

गोळी मुठीत विरघळत होती.

"बोल आई," लेक म्हणाली. "मी ऐकतेय. बोल."