झोपवलेलं यंत्र

“आयेला खोटं सांग,” हनुमंत म्हणाला. “तुझंच ती ऐकंल.”

राजनंदिनी बॅग मांडीवर घेऊन पिकअपमध्ये बसली होती. सासऱ्यांचा दहावा उरकून ती पुण्याला कामावर गेली, आणि आठवड्याच्या आत नवऱ्याने तिला परत बोलावून घेतलं. मंचरला एसटीतून उतरली ती थेट गाडीत. अवसरीच्या घरी सासूने, तुकाबाईने, अन्न सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर ही बाई दिवाळी बघत नाही.

हनुमंतचा बाप राघू मेंढरं राखायचा. घरामागे मेंढरांचा वाडा, वाड्याला लागून ऊस आणि उसात बिबट्या. सून संगणकातली. तिने बांधावर कॅमेरा बसवला, वाड्यावर भोंगा चढवला आणि दोन्हींना जोडणारा संगणक घरात ठेवला, पडदा टेबलावर आणि खोकं कॉटखाली. कॅमेऱ्यात बिबट्या आला की भोंगा बोंबलायचा. म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक! पुढे पुढे तो काठीही विसरला. भोंगा गप्प म्हणजे वाट मोकळी, असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

खंडेनवमीला तुकाबाईने कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर अशी घरातली हत्यारं पुजायला मांडली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही घरची रीत. संगणक म्हणजे सुनेचं हत्यार. तुकाबाईने बटण दाबून त्यालाही झोपवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दिवेलागणीला राघू वाड्याकडे गेला. भोंगा वाजलाच नाही.

हनुमंत वाड्यातून धावत घरी आला तेव्हा हाराखाली पडदा काळा होता. कॉटखालचं खोकं घरघरत होतं.

मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचं तोंड धरवत नाही. म्हातारीनेच नवऱ्याला बिबट्याच्या तोंडी दिलं, हे गावभर झालं, आणि ते फिरून तिच्या कानावर आलं.

“आये हाय म्हणून गिळलं मी,” हनुमंत गाडी वळवत म्हणाला. “दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं.”

राजनंदिनी बाहेर बघत होती. “काय सांगू त्यांना?”

“काय बी. यंत्र आधीच बंद पडल्यालं व्हतं म्हण. पर खरं वाटाया पायजे. आये लई हुशार हाय.”

“आधी मला संगणक बघू द्या.”

घरी पोचल्यावर ती बराच वेळ त्या खोलीत बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. हनुमंतला तिची कीव आली. एवढ्या सरळ पोरीला आपण खोटं बोलायला लावतोय, याची त्याला लाज वाटली. तो दाराआड उभा राहिला.

तुकाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई, भोंगा तुमच्यामुळं बंद पडला नाही.”

“समजूत नगं घालू, पोरी. मीच खाल्लं त्येंला.”

“मेंढरांत म्होरक्या असतो ना? तो खड्ड्यात गेला की मागची सगळी जातात. संगणकातही एका बैठकीत, म्हणजे एकदा जोडणी करून बसल्यावर, सुरू केलेली कामं अशीच एका म्होरक्यामागं चालतात. बैठक मोडली की म्होरक्या मरतो आणि त्याच्यामागं सगळा कळप. म्हणून भोंग्याचं काम मी नेहमी कळपातून तोडून वेगळं ठेवायचे. आदल्या दिवशी मी पुण्यातून, लॅपटॉप ह्या संगणकाला जोडून, त्यात दुरुस्ती केली, पुन्हा सुरू केलं, आणि तोडायचं विसरले. ती बैठक माझ्या लॅपटॉपवर उघडी होती.”

“मग?”

“खंडेनवमीला सकाळी मीपण लॅपटॉप पुजला, आई. मिटला आणि हार घातला. बैठक मोडली. तुम्ही बटण दाबलंत, त्याच्या आधीच भोंगा मेला होता.”

म्हातारी सुनेकडे कुशीवर वळली.

“माझी शपथ?”

“तुमची शपथ.”

तुकाबाई हाताचा रेटा देऊन उठून बसली. सुनेच्या तोंडावरून हात फिरवत हळूच म्हणाली, “ह्ये हनुमंताच्या कानावर घालू नगं.” मग तिने भाकरी मागितली.

दाराआड हनुमंतचे डोळे भरून आले. आई आता जगणार होती. दूध-भाकरी कुस्करून तिने वाटीभर खाल्ली, तेव्हा कुठे तो बायकोला घेऊन अंगणात आला.

“जिंकलीस,” तो म्हणाला. “म्होरक्या काय, हार काय, शपथ बी खाल्लीस! तुझे पांग मी कसे फेडू? आन् एवढं खोटं तुला सुचलं तरी कसं गं?”

राजनंदिनीने मान वर केली नाही.

“सुचलं नाही,” ती म्हणाली. “आईंनी नुसता पडदा बंद केला होता.”